बाजूच्या सीटवरचे बावतीस अंकल

बावतीस अंकल गाडीत बसले, की पट्टा लावण्याआधी माझ्या फोनमधल्या रस्ता सांगणाऱ्या बाईला गप्प करायचे. "हिला बंद कर आधी. तू घाबरलीयस, ते हिला कळतंय का?" मग मांडीवर हात ठेवून, समोर बघत, संथ आवाजात सुरू व्हायचे, "जरा उजवीकडे… अजून… बास. आता सरळ."

स्वतः अंकलना गाडी चालवता येत नव्हती. एकाहत्तरच्या लढाईत ते हवाई दलात होते, बाँबफेकी विमानात पायलटला वाट सांगणारे नेव्हिगेटर. मूळचे वसईचे. बायको गेल्यावर ते मुलीकडे, ग्लोरियाकडे, अमिरातीतल्या रास अल खैमाला राहायला आले. आमचे दरवाजे समोरासमोर. मी श्रीवर्धनची, माझे मिस्टर दुबईच्या जबल अलीला नोकरीला, आठवडाभर तिकडेच. लायसन्सच्या परीक्षेत मी किती वेळा आपटले ते इथे सांगत नाही, पण एवढं करून मिळालेलं लायसन्स पर्समध्येच मुक्काम ठोकून होतं. शाळेची बस चुकली की माझी लेक वैतागायची, "मम्मी, जस्ट ड्राइव्ह!" हे एकदा लिफ्टमध्ये अंकलनी ऐकलं आणि म्हणाले, "चल, मी बसतो बाजूला. यल्ला!"

पहिल्याच राउंडअबाउटला मागच्या ट्रकने हॉर्न दिला आणि मी ब्रेक दाबून तिथेच थांबले.

"घाबरलीस ना? मग तसं म्हण."

"घाबरले, अंकल."

"शाब्बास. आता बोलत राहा. घाबरायला हरकत नाही पोरी, मुकाट्याने घाबरायचं नाही."

विमानात दोघंच असायचे, ते सांगत. पायलट वर, हे खाली नाकाशी. एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, कानात आवाज तेवढा. अशा गप्पा मारत आम्ही शाळा केली, मासळीबाजार केला, त्यांचं चर्च केलं. सुरमई हातात घेऊन ते दर खेपेला नाक मुरडायचे, "वसईची सर नाही," आणि दर खेपेला घ्यायचे. माझी भीती कधी गेली ते मला कळलंही नाही. त्यांच्या पायलटचं नाव मात्र त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही.

एकदा चहा पिताना मी सहज म्हणाले, "अंकल, आमच्या मिस्टरांच्या मॅनेजर आहेत ना, नाईकमॅडम, त्यांचे वडीलही हवाई दलात होते. एकाहत्तरमध्ये गेले. टेबलावर फोटो असतो त्यांचा."

अंकलनी कप खाली ठेवला. "नाईक? नागपूरचे?"

मी होय म्हटलं. ते चहा टाकून उठले. त्यानंतर बरेच दिवस ते गाडीत बसले नाहीत. गुडघा दुखतो म्हणायचे. मग एका रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "मला त्या नाईकांच्या मुलीकडे नेशील? तिला एक गोष्ट सांगायचीय. न सांगता मेलो, तर वर जाऊन तिच्या बापाला तोंड दाखवता येणार नाही."

मिस्टरांनी मॅडमना फोन करून कळवलं आणि मी अंकलना घेऊन निघाले. वाटेत त्यांनी एकदाही डावं-उजवं सांगितलं नाही.

नाईकमॅडम साठीला आलेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी बसा म्हटलं तरी अंकल उभेच राहिले. "मी तुमच्या वडिलांचा नेव्हिगेटर," ते म्हणाले. बाँब टाकून परतताना विमानाला तोफांचे गोळे लागले. त्या जातीच्या विमानात पायलटला खुर्चीसकट बाहेर उडता यायचं. नेव्हिगेटरने मात्र पॅराशूट बांधून दारातून उडी घ्यायची. अंकलचा पाय फुटला होता, दारापर्यंत सरकता येईना.

"सर, तुम्ही जा, असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. मी म्हणालो, सर, मला भीती वाटतेय. ते म्हणाले, मग बोलत राहा, बावतीस, मी आहे. आणि त्यांनी विमान खाली आणलं. मला लोकांनी ओढून काढलं. त्यांना काढेपर्यंत आग लागली."

मग मॅडम म्हणाल्या, "आम्हाला कळवलं, विमान वाचवताना गेले. आई मरेपर्यंत त्यांच्यावर रागावलेली होती. म्हणायची, त्यांना आपल्यापेक्षा विमान प्यारं होतं."

"विमान नव्हतं हो. मी होतो."

"हे आईला सांगायचं होतंत. इतकी वर्षं कुठे होतात?" त्यांचा आवाज चढला. "घाबरलो होतो. मुकाट्याने," अंकल म्हणाले. मला वाटलं, आता उठून जावं लागणार. पण मॅडमनी विचारलं, "मुलंबाळं किती तुम्हाला?"

"एक मुलगी. दोन नाती."

"पुढच्या रविवारी सगळ्यांना आणा. जेवायला. मला तुमचा रागही आलाय, पण बाबांनी काय वाचवलं ते मला बघायचंय."

त्या रविवारी मीच सगळ्यांना घेऊन गेले. मॅडम वाढताना पुन्हा पुन्हा थांबायच्या आणि नातींकडे बघत राहायच्या. धाकटीने इंग्रजीत विचारलं, आंटी, व्हाय आर यू क्रायिंग? मॅडमनी तिच्या पानात आणखी एक पुरी वाढली.

त्यानंतर अंकल थोडेच महिने जगले. चर्चमधून आले, खुर्चीत बसले आणि गेले. मला वाटतं, ते हलके होऊन गेले. मी आज या देशात कुठेही एकटी गाडी नेते ती त्यांच्यामुळे, आणि त्यांचे आभार मानायचे मात्र राहूनच गेले.

दफनाच्या वेळी मूठमाती द्यायला ग्लोरिया पुढे झाली, थांबली, आणि तिने नाईकमॅडमना हात धरून पुढे आणलं. "आधी तुम्ही." मॅडम वाकल्या. माती हातात धरून, शेजारच्या माणसाशी बोलावं तशा म्हणाल्या, "अंकल, बाबा भेटले की सांगा, आमच्या घरात आता त्यांच्यावर कुणी रागावलेलं नाही."