मैना परत देणे

सोमवार, एप्रिलचा तिसरा आठवडा. सकाळी साडेसहा. कंधारचा किल्ला.

हजर: दिग्दर्शक रानडे सर, कॅमेरामन आणि त्याचे दोन असिस्टंट, साउंड रेकॉर्डिस्ट विलास, आर्टचा एक माणूस, नायक, नायिका, चेटकीण (मेकअपमध्ये), महेबूबचाचा, मी. पिंजरे एकशे दहा. पक्षी त्रेसष्ट.

गैरहजर: पाण्याचा टँकर.

माझ्या त्या दिवसाच्या वहीत हे असंच लिहिलेलं आहे. मी त्या टेलिफिल्मची प्रॉडक्शन मॅनेजर होते. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणजे दिग्दर्शकाच्या डोक्यात जे येतं ते जागेवर आणून ठेवणारी व्यक्ती. त्यासाठी मी रोज याद्या करायचे. वस्तू आली की एक टिक, काम झालं की दुसरी टिक. दोन टिका झाल्याशिवाय मी जेवत नसे.

फिल्म लहान मुलांसाठी होती. गोष्ट जुनी, जर्मनीतली. दोन प्रेमी जंगलात फिरता फिरता एका चेटकिणीच्या किल्ल्याजवळ जातात. किल्ल्याच्या शंभर पावलांच्या आत जो येईल तो जागच्या जागी खिळतो. मुलगी असेल तर तिचा पक्षी होतो आणि चेटकीण तिला पिंजऱ्यात घालते. मुलगा उभा राहून सगळं बघतो. त्याला ओरडता येत नाही, रडताही येत नाही. पुढे त्याला स्वप्नात एक लाल फूल दिसतं, मधोमध मोत्यासारखा थेंब. ते फूल तो शोधून आणतो, पिंजऱ्यांना लावतो आणि सगळे पक्षी सुटतात. रानडे सरांनी जर्मनीचं कंधार केलं, फुलाचा पळस केला. चेटकिणीला नऊवारी नेसवली.

त्या वर्षी दुष्काळ होता. किल्ल्याचा खंदक कोरडा. गावात टँकर एक दिवसाआड यायचा. गावाच्या पाण्याला हात लावायचा नाही, हे मी युनिटला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आमचा टँकर नांदेडहून यायचा, आणि उशिरा यायचा.

पिंजरे महेबूबचाचांनी केले. बाजारात त्यांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं. वय पासष्टच्या पुढे. पिंजरे पोचवून ते जे सेटवर आले ते रोजच यायला लागले. बरोबर त्यांची मैना. मैना म्हणजे आपली साधी साळुंकी, पण चाचा तिला मैनाच म्हणायचे. जुना गंजका पिंजरा, वर हिरवं फडकं, आत पितळी वाटी.

"घरी कोण हाय तिला पाणी द्यायला?" चाचा म्हणाले. "चाची लातूरला गेली पोराकडं. पोरगा नव्या जिल्ह्याच्या कचेरीत शिपाई लागला न. तिचे गुडघे गेले. टँकरमागं पळवना. मीच म्हणलं, जा."

"मग तुम्ही का नाही गेलात?"

"जाईन म्हणून राहिलो. पण मैना? बसमधी लई गरमी. तिला न्हाई सोसायची."

लातूर जिल्हा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. आमच्या ओळखीतल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी तिकडच्या कचेऱ्यांत गेलं होतं. माझे मिस्टरही कलेक्टर ऑफिसात बदलून गेले होते. मी दोन मुलांना घेऊन नांदेडला. महिन्यातून दोनदा भेट, तीही मुलांच्या अभ्यासावर बोलण्यात संपायची. चाचांना हे कळल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा आपुलकीनं पाहिलं.

तेवढ्यात मैना बोलली. आवाज बाईचा, जरा घोगरा. "अजी, पानी पिये क्या?"

मी दचकले. चाचा हसले. "चाची. दिवसातून वीस वेळा इचारायची. हिनं तेवढंच उचललं."

रानडे सरांनी ते ऐकलं आणि नायिकेचा पक्षी म्हणून मैनाच घ्यायची असं ठरवून टाकलं. चाचांची अट एकच. "तिला सोडायचं न्हाई. बाकीचे उडवा. ही माझी हाय."

"शब्द देते," मी म्हणाले. आणि वहीत लिहिलं: क्रमांक ४१. मैना, काम संपताच चाचांना परत.

विलासनं तिचा आवाज वेगळा टेप करून घेतला. याला वाइल्ड ट्रॅक म्हणतात. कॅमेरा बंद, नुसता आवाज, पुढे एडिटिंगमध्ये हवा तिथे लावायला. मैना अर्धा तास गप्प बसली. विलासनं कंटाळून हेडफोन काढला तेव्हा बोलली. मग चाचांनीच तिच्यासमोर बसून आपल्या हातानं विडी पेटवली, तेव्हा ती सलग चार वेळा बोलली.

"विडी पेटली की चाची पाणी आणायची," ते म्हणाले. "ठसका लागतो म्हणून."

अडचण आदल्या दिवशी, रविवारी, रिहर्सलला आली. शेवटच्या प्रसंगात पिंजऱ्यांची दारं उघडून पक्षी आभाळात जायला हवेत. आम्ही थोडे पिंजरे उघडून पाहिले. मुनिया बाहेर पडल्या, एक चक्कर मारली आणि परत पिंजऱ्यात जाऊन बसल्या. पोपटांनीही तेच केलं.

"कांबळेबाई, हे काय चाललंय?" सर ओरडले.

"सर, पाणी."

"कसलं पाणी?"

"पिंजऱ्यात वाट्या भरलेल्या आहेत. बाहेर कुठं थेंब नाही. कशाला जातील?"

"मग माझा शेवट काय? पक्षी सुटले आणि परत आत गेले?"

मी रात्रभर विचार वगैरे केला नाही. तिथेच उत्तर सापडलं. शॉटच्या आधी तासभर सगळ्या वाट्या काढून घ्यायच्या. समोरच्या बुरुजावर, कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा, पाण्यानं भरलेल्या पराती ठेवायच्या. दार उघडलं की पक्षी तिकडेच जाणार. पक्षी आणून देणाऱ्याशी बाकीचे सोडून द्यायचंच ठरलं होतं, त्यामुळे परत पकडायचा प्रश्न नव्हता. सर म्हणाले, "बाई, तुम्ही दिग्दर्शक व्हायला हवं होतं." मला बरं वाटलं. हे नमूद करते, कारण पुढचं त्याच बरं वाटण्यात झालं.

सोमवारी टँकर साडेआठला आला. चाचा स्वतः म्हणाले, "पराती मी भरतो." दोन माणसं घेऊन ते बुरुजावर चढले.

इकडे आधी मैनेचा क्लोजअप घ्यायचा होता. तिचा जुना पिंजरा इतरांशी जुळत नव्हता, म्हणून तिला नव्या, एक नंबरच्या पिंजऱ्यात घातलं. नायकानं फूल लावलं, कट. पुढच्या शॉटमध्ये तिथे नायिका उभी असणार. आता मैना परत जुन्या पिंजऱ्यात जायची आणि मगच मोठा शॉट. जुन्या पिंजऱ्याला मी लाल चिठ्ठी लावली होती: उघडू नये. चिठ्ठी पिंजऱ्याला होती. मैना त्यात नव्हती.

मी आर्टच्या माणसाला म्हणाले, "मैना जुन्या पिंजऱ्यात टाक."

तो म्हणाला, "हो मॅडम."

मी टिक केली.

त्याच वेळी सरांनी त्याला हाक मारली. पळसावरचा थेंब घरंगळत होता. थेंब ग्लिसरिनचा होता, कारण खरं पाणी त्या उन्हात टिकतच नव्हतं. तो तिकडे पळाला. मी पुढच्या ओळीवर गेले. दोन टिका झाल्याशिवाय न जेवणाऱ्या बाईनं, सांगितलं म्हणजे झालं असं धरलं.

शॉट अप्रतिम झाला. सगळी दारं एकदम उघडली. पाखरांचा एक लोंढा उठला आणि तटावरून तिरका बुरुजाकडे गेला. सर नाचायला लागले. नायिका खरंच रडली. रिटेकची गरजच पडली नाही.

मी जुन्या पिंजऱ्यावरचं हिरवं फडकं उचललं. आत पितळी वाटी होती. दुसरं काही नव्हतं. मैना एक नंबरमध्येच राहिली होती, आणि सगळ्यांबरोबर तेही दार उघडलं होतं.

चाचा बुरुजावरून सावकाश उतरले. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यांना आधीच माहीत आहे.

"आली होती," ते म्हणाले. "माझ्या हाताजवळ बसून पाणी प्याली. मी म्हणलं, अगं, तू कशी? हात लावाय गेलो, तवर बुरुजातले हे सगळे पारवे भर्रकन उठले. ती बी उठली."

"काही बोलली?"

"पाणी पिऊन राहिली होती न. कशी बोलंल?"

मी माफी मागितली. कारणं सांगितली नाहीत. चाचा एवढंच म्हणाले, "तुम्ही शब्द दिला होता, बेटी." त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंगळवारी युनिट नांदेडला गेलं. मी आणि विलास जीप ठेवून मागे राहिलो. मी यादी केली. तट, बुरुज, दर्ग्याजवळचं चिंचेचं झाड, कोरडी विहीर, बसस्टँडमागचा लिंब. प्रत्येक ठिकाणी पाण्याची वाटी. जुना पिंजरा दार उघडून तटावर. चाचा त्याच्याशेजारी बसून राहिले. न हलता. ऊन सरकलं तरी सावलीत येईनात. मी दोनदा सांगून पाहिलं. मला त्या गोष्टीतला शंभर पावलांच्या आत आलेला मुलगा आठवत होता, पण ते बोलायची माझी लायकी नव्हती.

साळुंक्या पुष्कळ आल्या. पाणी प्यायल्या, भांडल्या, गेल्या. एकही बोलली नाही.

बुधवारी विलासला सुचलं. "मॅडम, वाइल्ड ट्रॅक लावू या का? आपलाच आवाज ऐकून आली तर?"

त्यानं टेप तटावर नेला, स्पीकर जोडला. किल्ल्यावर आवाज घुमला. "अजी, पानी पिये क्या?"

पाखरं आली नाहीत. चाचांनी मात्र मान वर केली.

"पुन्यांदा लावा."

विलासनं पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. चौथ्यांदा चाचांनी हात वर केला. "बास. तुमची बॅटरी संपंल." मग म्हणाले, "हा मैनेचा आवाज न्हाई. ती जरा नाकात बोलायची. टेपमधी नीट रशीदाच वाटून राहिली." रशीदा म्हणजे चाची.

मी लगेच म्हणाले, "चाचा, मी याची कॅसेट करून देते." परतफेड म्हणून तेवढंच माझ्या हातात होतं.

"कॅसेट घेऊन काय करू? माझ्याकडं टेप कुठं हाय? टेप लातूरला, पोराकडं."

"मग लातूरला जाऊन ऐका."

हे मी बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं. विलास माझ्याकडे बघायला लागला. चाचाही.

"चाचा," मी म्हणाले, "लातूरला चाचीच आहेत की."

त्यांनी एकदा कोरड्या खंदकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "हाव. हाय न."

आता बसमध्ये गरमी सोसणार नाही असं म्हणायला कुणी उरलं नव्हतं. गुरुवारी सकाळी त्यांनी दुकानाला कुलूप घातलं. पिंजरा दार उघडून दुकानाच्या फळीवर ठेवला आणि शेजारच्या चहावाल्याला दम भरला. "वाटी सुकली तर बघ. मैनेनं इचारलं न्हाई तरी मी येऊन इचारीन." मी त्यांना जीपमध्ये घेतलं. लातूरच्या वाटेवर त्यांनी एकदाच विचारलं, "तुमचे साहेब बी तिथंच न?"

"हो."

"त्यांना पाणी कोण इचारतं?"

"ते स्वतःचं स्वतः घेतात."

"हम्," चाचा म्हणाले. त्या हम्‌चा मला राग आला, कारण तो बरोबर होता.

मुलाच्या खोलीच्या दारात चाची बसल्या होत्या. गुडघ्यांना पट्ट्या. नवऱ्याला पाहून त्या उठल्या नाहीत, हसल्या नाहीत. पहिला प्रश्न, "मैना किधर हय?"

चाचांनी माझ्याकडे बोट केलं. "इस बेटी से पूछ."

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, वहीतल्या त्या टिकेसकट. चाचींनी ऐकून घेतलं. मग भिंतीला धरून उठल्या, आत गेल्या आणि तांब्या-पेला घेऊन आल्या. पेला चाचांच्या हातात दिला. चाचा पेला धरून तसेच उभे.

"पियो न," त्या म्हणाल्या.

"पहले पूछ तो."

"क्या पूछूं?"

"वोईच. मैना पूछती थी वो."

चाचींना कळेना. मी विलासच्या टेपवरून आदल्या रात्रीच करून घेतलेली कॅसेट मुलाच्या टेपमध्ये घातली. खोलीत तो घोगरा आवाज आला. चाचींनी पदर तोंडाला लावला. "अल्ला! मैं ऐसा बोलती क्या?"

"तीस बरस से," चाचा म्हणाले, आणि घटाघट पाणी प्यायले.

तिथून मी मिस्टरांच्या खोलीवर गेले. ते ऑफिसातून येऊन चपला काढत होते. मी म्हणाले, "पाणी प्यायलात का?"

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "काय झालं? बरी आहेस ना?"

फिल्म पूर्ण झाली. मुलांना आवडली. बुरुजाकडे जाणाऱ्या पाखरांचा शॉट कसा घेतला हे पुढे अनेकांनी विचारलं. मी पराती सांगितल्या. बाकीचं आज सांगते आहे. चाचा पाऊस पडेपर्यंत लातूरला राहिले आणि मग चाचींना घेऊनच कंधारला परतले. चाचींचे गुडघे तसेच होते, पण पुढच्या उन्हाळ्यांत टँकरमागे चाचा धावायचे.

कामापुरतं मी एक शिकले. सांगितल्यावर टिक करायची नाही. डोळ्यांनी पाहून करायची. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाला मी हे पहिल्या दिवशी सांगितलं, आणि कारण विचारलं तर "अनुभव" एवढंच म्हटलं.

ती वही माझ्याकडे आहे. क्रमांक ४१ वरची टिक मी त्याच दिवशी खोडली. पुढे कंधारला जेव्हा जेव्हा जायची वेळ आली तेव्हा दुकानाच्या फळीवरचा पिंजरा पाहून यायचे. दार उघडं, वाटी भरलेली. आता नांदेडच्या गच्चीवर मीही उन्हाळ्यात पाणी ठेवते. साळुंक्या येतात. मी जवळ जाऊन थोडा वेळ थांबते. अजून एकीनंही मला काही विचारलेलं नाही.

क्रमांक ४१. मैना, चाचांना परत. बाकी.