कॅलिफोर्नियाचं बेट

परवा भाचीने हट्टाने वसईतल्या एका नव्या कॅफेत नेलं. तिथे भिंतभर एक पिवळट जुना नकाशा लावलेला होता, निव्वळ शोभेला. स्पेनच्या खलाशांच्या काळातला. गलबतं, गाल फुगवून फुंकणारे वारे, सगळं साग्रसंगीत. आणि डाव्या अंगाला अमेरिकेपासून तुटून समुद्रात पडलेलं कॅलिफोर्निया. भाची त्यापुढे उभी राहून फोटो काढत होती. मी कॉफी तशीच ठेवून जवळ गेले.

हाच नकाशा मी वसईजवळच्या आमच्या सांडोर गावात, शाळेतल्या सरांच्या ओटीवर पाहत मोठी झाले. त्यांची केळीची वाडी आमच्या वाडीला लागून. सत्तरच्या दशकातल्या त्या संथ, पाटाच्या पाण्याने भिजलेल्या दुपारी सर आम्हां मुलांना ओटीवर बसवून भूगोल शिकवत. नकाशाची ती छापील प्रत त्यांना कुणा परदेशी फादरांनी दिलेली. एके काळी पोर्तुगाल स्पेनच्या राजाकडे गेलं, तेव्हा मेक्सिकोसारखाच वसईवरही त्याचाच अंमल होता, म्हणजे मेक्सिको आपली शेजारची आळीच समजा, असं म्हणून ते मिस्कील हसत. कॅलिफोर्नियाची गोष्ट तर त्यांच्या खास आवडीची. कुणी तरी एकाने ते बेट म्हणून काढलं आणि पुढच्यांनी, घरबसल्या, पिढ्यान्पिढ्या तेच गिरवलं. शेवटी एक पाद्री पायी चालत गेला, तेव्हा कळलं की जमीन जोडलेलीच आहे.

सरांचा एकुलता एक मुलगा मालवाहू बोटीवर नोकरीला लागला, आणि एका पावसाळ्याअखेर तार आली. मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ वादळात तो बोटीवरून पडला होता. देह सापडला नव्हता. मावशी, म्हणजे सरांची बायको, तशीच चर्चकडे धावली. सरांनी मात्र तार घडी करून खिशात ठेवली आणि मुलाच्या आत्म्याच्या शांतीसाठी चर्चमध्ये मिस्सा सांगायला साफ नकार दिला. कागदावर काय, काहीही येतं, म्हणाले.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी अख्खं गाव चर्चमागच्या दफनभूमीत मेणबत्त्या लावायला जातं. मावशी दर वर्षी जायची आणि सासूसासऱ्यांच्या थडग्यापाशी रिकाम्या नजरेने उभी राहायची. एका वर्षी परत आली ती ओटीवर सरांसमोर उभी ठाकली. मी तिथेच होते.

"माझ्या पोराला मेणबत्ती लावायला वीतभर जागा द्या मला," ती म्हणाली. "दुसरं काय मागत नाय."

सरांनी भिंतीवरच्या त्या बेटावर बोट ठेवलं. "तिथे जाऊन कुणी बघितलंय का?"

मावशी वळली. आत जाऊन तिने चुलीवर भात चढवला. मला त्या क्षणी सरांचा संताप आला. आणि खरं सांगते, त्यांच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. आशा इतकी निर्दयी असू शकते, हे तोवर मला ठाऊक नव्हतं. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. ती झिजत गेली आणि वयाची ऐंशी उलटल्यावर, एका उन्हाळ्यात, गेली.

तिच्या थडग्यावरच्या दगडात, रीतीप्रमाणे, नवऱ्याच्या नावासाठी खाली जागा सोडली होती. वर्षश्राद्धाच्या मिस्सेला आम्ही गेलो तर त्या जागी सरांनी मुलाचं नाव कोरून घेतलेलं. ते गुडघे टेकून मेणबत्ती लावत होते. वाऱ्याने ती विझत होती, ते पुन्हा लावत होते. आता सर स्वतः त्याच थडग्यात आहेत, पण दगडावर त्यांचं नाव नाही. लोक म्हणतात, केवढं मन ते. असेल. मला मात्र दर वेळी एवढंच वाटतं, की अहो सर, हे ती असताना करायचं होतं.