गावात खळबळ माजणार होती

आमच्या अकोल्याच्या घरी खळबळ रोज संध्याकाळी पेपरातून यायची. वडील वकील. कोर्टातून आले, की चहा घेता घेता नागपूरचा पेपर मोठ्याने वाचायचे. कुठे मंत्री पडला, खळबळ. कुठे विहिरीत प्रेत सापडलं, खळबळ. वाचताना त्यांचा आवाज अगदी समाधानी असायचा, कारण हे सगळं दुसऱ्यांच्या गावात चाललेलं असे. आईची खळबळ वेगळी. ती पोटात व्हायची, नाहीतर बादलीत. "तेवढे कपडे खळबळून टाक" म्हणजे नुसते पाण्यातून काढ, साबण नको. एकूण या शब्दाला घाबरायचं काही कारण आम्हाला माहीत नव्हतं.

साठ सालानंतर केव्हातरी माझ्या थोरल्या बहिणीला मोर्शीच्या शाळेत मास्तरणीची नोकरी लागली. तिचं लग्न व्हायचं होतं. तिथे खोली घेऊन एकटी राहीन, म्हणाली. वडिलांनी चष्मा काढला आणि जाहीर केलं, "गावात खळबळ माजेल."

"माजू द्या," ती म्हणाली. "मी तं जाऊन राहिली."

आणि गेली. तेव्हा वडिलांनी आईची तयारी करून घ्यायला घेतली, साक्षीदाराची करतात तशी. जेवणं झाली की उलटतपासणी सुरू. ते स्वतः आळीतल्या बायका व्हायचे. "काहून वं, पोरगी एकटी ठेवली? घरात खायले नाही का?" आई उत्तर द्यायची. ती जरा भरकटली की दटावायचे, "विचारलं तेवढंच सांग." वडिलांना बायकी आवाज काढता येतो हे मला तेव्हाच कळलं. मला हसू आवरायचं नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आई जय्यत तयार होऊन गेली. सगळी आळी फिरून परतली, तिळगुळाच्या पुड्या ठेवल्या आणि पाटावर बसली.

"काय काय विचारलं?" वडिलांनी घाईने विचारलं.

"काहीच नाही. एक म्हणे, मोर्शीले संत्री सस्ती भेटत असतीन."

गावाला खरंच सवड नव्हती. कापसाच्या गाड्या येत होत्या, घरोघरी पाहुणे होते. कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्येही कोणी चकार शब्द काढला नव्हता. वडिलांना हायसं वाटायला हवं होतं, पण ते चक्क हिरमुसले. एवढी केस उभी केली आणि समोरची बाजू हजरच झाली नाही.

आई रडायला लागली. मला आधी वाटलं, चालून चालून पाय दुखत असतील.

"गावाचं जाऊ द्या," ती म्हणाली. "मलेच तिले पाठवायचं नव्हतं."

वडील उठले, तिच्याजवळ जमिनीवरच बसले. मग म्हणाले, "मलेही."