हो, वाचला होता

आमच्या वस्तीत एक रिवाज आहे. कुठल्याही कागदावर सही करायची तर तो आधी मला दाखवायचा. बचत गटाचा अर्ज असो, मीटरचा असो, नाहीतर सोयरिकीत काय ठरलं ते लिहिलेला कागद असो, लोक माझ्या ओट्यावर येऊन बसतात. मी चष्मा लावतो, कागद वाचतो आणि म्हणतो, "हां, करा." मग सही होते. ताडकळसच्या बाजूच्या एका शाळेवर मी बरीच वर्षं शिक्षक आहे. हा मान मी कुणाकडे मागितला नव्हता, पण मला तो आवडायचा. खोटं कशाला सांगू?

तर असा हा वाचणारा माणूस परभणीला गाडी घ्यायला गेला. वस्तीत दोन टेम्पो होते, एक जुनी जीप होती. पण कोरी, सीटवरची पन्नी न काढलेली चारचाकी कुणाकडे नव्हती. वडिलांची हयात दुसऱ्याच्या शेतात गेली. त्या दिवशी ते जयंतीला घालायचा पांढरा सदरा घालून आले होते. शोरूमवाल्यांनी माझ्या गळ्यात हार घातला, हातात पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली दिली आणि फोटो काढला. मॅनेजर तर इतका गोड की दर वाक्यात दोनदा 'सर'. त्यानं बॉनेटवरच कागद पसरले आणि बोट ठेवत गेला, "इथं, इथं आणि इथं."

वडील कानाशी येऊन म्हणाले, "वाचलास का रं?"

मी हसलो. "बाबा, ही नुसती रीत असते." आणि केल्या सह्या. वर्गात मात्र मी पोरांच्या डोक्यात रोज भरतो, प्रश्न दोनदा वाचा, मगच पेन उचला.

वडील चपला काढून गाडीत बसले. घरापर्यंत त्या त्यांनी मांडीवर धरल्या होत्या. वस्तीच्या तोंडाशी बायका ओवाळायला उभ्या होत्या. त्या दिवशी मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

तीन आठवड्यांनी वडिलांना येलदरीचं धरण दाखवायला घेऊन गेलो. येताना जिंतूरच्या गर्दीत एका मोटरसायकलचं हँडल मागच्या दाराला घासलं. एवढंसं खरचटलं, पण नव्या गाडीचं दुःख मोठं. वडिलांना चहाला बसवलं आणि पलीकडं पत्र्याचे पोचे काढणाऱ्या डेंटरकडे गाडी नेली. त्यानं ओरखडा पाहिला, मग बोटांच्या पेरांनी एकेक दार वाजवत गाडीभोवती फिरला. तीन दारं टणटण बोलली. चौथं बद्द वाजलं.

"सर, गाडी कवा घेतली?"

"मागच्या महिन्यात. नवीन आहे."

"कागदावर नवी असंल. पण हिला कुटंतरी ठोकलेली हाय. पोच्यात लांबीची पुट्टी भरून रंगवलंय हे दार. हे बघा, रबरावर रंग आलाय. कंपनीत आधी रंग मारतेत, मंग रबर लावतेत."

वडिलांना सांगितलं, नुसता ओरखडा आहे.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर थेट शोरूमला गेलो. वाटेत भांडणाची पूर्ण तालीम केली होती. ग्राहक मंच, वकील, पेपरात बातमी, सगळं तोंडावर फेकणार होतो. मॅनेजरनं पाणी दिलं, शांतपणे फाईल काढली आणि एक कागद माझ्यापुढं सरकवला. त्यात बारीक इंग्रजीत लिहिलं होतं की गाडीच्या वाहतुकीत झालेल्या किरकोळ दुरुस्तीची कल्पना मला दिली आहे, मी गाडी तपासून घेतली आहे आणि माझी तक्रार नाही. खाली माझी वळणदार सही.

"सर, तुम्ही शिक्षक माणूस. वाचल्याशिवाय थोडीच सही कराल? वाचला होता ना?"

शेजारच्या खुर्च्यांवर दोन गिऱ्हाइकं बसली होती. दोघंही माझ्या तोंडाकडं बघत होती.

"हो, वाचला होता," मी म्हणालो.

झालं. सगळी तालीम तिथंच संपली. त्यानं मला 'आमच्यातर्फे' म्हणून सीट कव्हर बसवून दिले आणि मी ते बसवून घेतले. त्यांच्यावर बसूनच घरी आलो. वस्तीत सांगितलं, सर्व्हिसिंगला गेलो होतो. फसलो याची लाज होतीच, पण त्या कव्हरची जास्त वाटायची. गाडीत बसलं की अजून वाटते.

ज्या बायकांनी ओवाळलं त्यांना काय सांगणार होतो? आणि खरं सांगायचं तर, कागद न वाचणाऱ्या मास्तराच्या ओट्यावर कोण येणार, ही भीती मोठी होती.

मग एका रविवारी विहारात वंदना झाली आणि आक्कानं मला गाठलं. आक्का आमच्या वस्तीतली अंगणवाडीची बाई, नुकतीच निवृत्त झालेली. तिचा मुलगा दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर. आता निवृत्तीचे जे पैसे आले, त्यातून मुलाला स्वतःची गाडी घेऊन द्यायची होती. तिच्या हाताशी होतं ते एवढंच.

"सर, तुमी घेतली ते दुकान कसं हाय? लेकरू म्हनायलंय, तिथं भिताडाला तुमचा फोटू लावलाय."

सगळे ऐकत होते. मी म्हणालो, "चांगलं आहे. फक्त कागद नीट वाचून घ्या."

आक्का हसली. "त्याला तुमी हाव की."

ठरल्या दिवशी मला जावं लागलं. भिंतीवर मी खरंच होतो, हारासकट, पुठ्ठ्याची किल्ली धरून. मॅनेजर म्हणाला, "सर, आता तुम्ही घरचेच." आक्काला हार घातला गेला. बॉनेटवर कागद आले. तिनं ते उचलून माझ्या हातात दिले.

"सर वाचतेल, मंग मी करते."

मी वाचले. त्यात तोच कागद होता, तीच ओळ, त्याच जागी. मी फिरून गाडीची दारं वाजवली. मागचं एक बद्द बोललं.

"आक्का, सही करू नका."

मॅनेजर अजून हसतच होता. "सर, अहो, तुम्ही स्वतः याच कागदावर वाचून..."

"नव्हता वाचला! न वाचता सही केली. आणि वाचला म्हणून खोटं बोललो."

हे मी जवळजवळ ओरडलो. वाटलं होतं, बोललो की हलकं वाटेल. नाही वाटलं. आक्का माझ्याकडं बघत होती, मॅनेजरकडं नाही. तिनं गळ्यातला हार काढून बॉनेटवर ठेवला आणि समोरच्या सोफ्यावर जाऊन बसली. आधी भरलेले पैसे हातात पडेपर्यंत उठणार नाही म्हणाली आणि खरंच उठली नाही. चहा दिला, घेतला नाही. दिवस कलायच्या आत पैसे घेऊन निघाली. मी भांडायला जाऊन सीट कव्हर आणले होते.

येताना ती माझ्याच गाडीत मागं बसली होती. ताडकळस जवळ आल्यावर एकदाच बोलली.

"त्या दिवशी विहारात इचारलं व्हतं म्या. तवा का न्हाई सांगितलं सर?"

मी गाडी तिच्या घरापर्यंत नेली आणि उतरून तिचं दार उघडून दिलं.

लोक अजून ओट्यावर येतात. कमी झाले असतील तर मी मोजत नाही. मागच्या महिन्यात आक्काही आली, मुलासाठी दुसरीकडं ठरवलेल्या गाडीचा, मराठीत लिहून घेतलेला कागद घेऊन. मला इतका आनंद झाला की चष्मा लावून हात पुढं केला.

"ऱ्हाऊ द्या सर. मीच वाचते. एखादा शब्द अडला तर इचारते."

ती ओट्यावर बसली आणि एकेका शब्दाखाली बोट फिरवत वाचू लागली. मी समोर रिकाम्या हातानं बसून होतो. दुसऱ्या पानावर एका शब्दाशी बोट थांबलं. तिनं विचारलं, मी अर्थ सांगितला. तिनं मान हलवली. मग आत हाक मारून माझ्या बायकोला बोलावलं आणि तोच शब्द तिला विचारला. बायकोनंही तेच सांगितलं, तेव्हा आक्कानं सही केली.