भुईगावच्या आंब्यावरची ऑर्किडं

ऑर्किडं पाळणाऱ्यांकडे फुलं उशिरा येतात, किस्से मात्र भराभर! वर्ष-वर्ष नुसत्या काड्या बघत बसायचं, मग बोलायला दुसरं काय असणार? नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही चौघं दर रविवारी भुईगावात अंतोनकाकांच्या वाडीत जमायचो. आचोळ्याच्या सुलभाताई शाळेत सायन्स शिकवायच्या, विरारचे दामले बँकेत होते आणि मी वसईतली, ऑफिस सांभाळून हे खूळ जपणारी.

*

दामल्यांनी पहिलं ऑर्किड आणलं ते थेट लाल मातीत, शेणखत घालून लावलं. पंधरा दिवसांत कुजलं. काका कळवळले, ‘‘अहो, झाडावर राहणारं झाड हे! तुम्ही त्याला पुरलंत!’’

दुसरं त्यांनी नारळाच्या सोडणावर बांधून ग्रिलला टांगलं. मुळं हवेत लोंबत होती, पांढरीफटक. स्प्रे मारला, तर डोळ्यांदेखत हिरवी झाली! दामल्यांनी शेजाऱ्यांना बोलावून पुन्हा पुन्हा दाखवलं. वहिनी म्हणाल्या, ‘‘वर्ल्ड कपची मॅच सोडून हा माणूस मुळं बघतोय!’’

*

सुलभाताईंनी एकदा ऑर्किडची पिकलेली शेंग वर्गात नेली. टेबलावर उकलली आणि पिवळसर भुकटी पसरली. पहिल्या बाकावरची मुलगी वाकून बघायला गेली आणि जोरात शिंकली. टेबल साफ!

‘‘सॉरी बाई. पण बिया कुठे आहेत?’’

‘‘आत्ता तू उडवलंस ना,’’ ताई म्हणाल्या, ‘‘ते अख्खं जंगल होतं!’’

*

तुंगारेश्वरच्या डोंगरात जूनमध्ये मला एका दगडापाशी जमिनीतून वर आलेला एक दांडा दिसला. वर फूल, पण पान एकही नाही. ऑगस्टमध्ये त्याच दगडापाशी गेलो, तर फूल गायब आणि जमिनीलगत एकच गोल, घडीघडीचं पान. मला वाटलं, दुसरंच काही उगवलं.

‘‘तेच झाड आहे,’’ सुलभाताई म्हणाल्या. ‘‘एकाच कंदातून येतात. फूल गेल्यावर पान. दोघांची भेट कधी होत नाही.’’

काकांनी पानावरून हळूच बोट फिरवलं. ‘‘म्हणजे आमचा फर्स्ट शिफ्टचा मुलगा आणि सेकंड शिफ्टची सून!’’

*

मधे काही वर्षं सगळीकडे व्हॅनिलाची हवा होती. व्हॅनिलाही ऑर्किडच, हे कळल्यावर काकांनी वेल लावला. फूल सकाळी उघडतं, दुपारी मिटतं. त्याची मधमाशी आपल्याकडे नाही. म्हणून काडीने आतला पडदा उचलून पराग हाताने लावायचे. काकांचा हात थरथरायचा, म्हणून ते काम त्यांच्या बायकोकडे, रोझीमावशीकडे. एका रविवारी एकदम बरीच फुलं उघडली. चर्चमध्ये मावशी दिसली नाही म्हणून फादर घरी आले.

‘‘मिस्साला का नाही आलात?’’

मावशी काडी हातात धरूनच म्हणाली, ‘‘फादर, आज मी मधमाशी होते!’’

*

काकांच्या आंब्यावर एक ऑर्किड होतं. फूल पांढरं, उडत्या कबुतरासारखं, एकच दिवस टिकणारं; हवा अचानक गार पडली की नऊ दिवसांनी सगळीकडे एकदम उघडणारं. त्याचे तुकडे काकांनी आम्हा तिघांना दिले. दामल्यांचं काही केल्या फुलेना. ‘‘चांगला भाग स्वतःकडे ठेवलात!’’ ते एकदा बोलून गेले. काका दुखावले. रविवार बंद झाले. दोघं वर्षभर बोलले नाहीत.

मग एका ऑक्टोबरात, ऐन उकाड्यात, दुपारी वादळी सर आली आणि हवा एकदम गार पडली. नवव्या दिवशी सकाळी माझ्या खिडकीत कबुतरं! सुलभाताईंना फोन केला, तर त्या ओरडल्याच, ‘‘अगं, माझ्याकडेपण!’’ मी रिक्षा करून भुईगाव गाठलं. अख्खा आंबा पांढरा झाला होता. खाली काका टोपी काढून उभे.

तेवढ्यात घरात फोन वाजला. काकांनी उचलला. पलीकडून हॅलोसुद्धा नाही.

‘‘अंतोन, उघडलं हो!’’

‘‘किती?’’

‘‘तीन.’’

काकांनी दारातून आंब्याकडे एकदा बघितलं.

‘‘थांबा,’’ काका म्हणाले. ‘‘मी येतो.’’

आणि आंब्यावरची शेकडो फुलं तशीच मागे सोडून ते एसटी पकडून विरारला गेले, दामल्यांची तीन बघायला!