दादा माझ्या घरी सायकलने निघाला तेव्हा

दादाचं रास अल खैमातलं शेवटचं वर्ष संपत आलं होतं. साठी झाली, आता व्हिसा वाढणार नाही, असं कंपनीने सांगितलं होतं. वहिनी आणि मुलं कोल्हापूरला. हा इथे टाइल्सच्या कारखान्यात इंजिनिअर, वर्षानुवर्षं एकटा. जायच्या आधी त्याने माझ्याकडे एकच हट्ट धरला.

"तुझ्या घरापर्यंत एकदा सायकलने यायचंय. तू इकडे ये, दोघं मिळून जाऊ."

मी दुबईत, नवरा आणि मुलीबरोबर. आम्हा बहीणभावाच्या मध्ये गाडीने जेमतेम तासाभराचा रस्ता. तरी आम्ही भेटायचो ते दिवाळीला, एखाद्या वाढदिवसाला, नाहीतर गावाकडून कुणी गेल्याचा फोन आला तर. मी बोलवायचे, तो म्हणायचा, "या आठवड्यात शटडाऊन आहे गं, मशिनींची दुरुस्ती, पुढच्या वेळी इन्शाल्ला." मला वाटायचं, कामात असेल. कारखान्यातल्या माणसाला काम असणारच.

थंडीचे दिवस होते. नवऱ्याने मला आणि माझ्या सायकलीला दादाच्या दारात सोडलं आणि सकाळी आम्ही निघालो. दादा पुढे, मी मागे. डावीकडे वाळू, उजवीकडे मधूनच समुद्र. वाऱ्याने चांगलंच दमवलं. उम्म अल क्वैनला पोहोचेपर्यंत दादाचा गुडघा सुजला होता. हॉटेलात मी टॉवेलात बर्फ गुंडाळून दिला आणि म्हटलं, "खलास. उद्या सायकल नाही. उद्या सुट्टी."

त्याचं तोंड उतरलं.

रिसेप्शनवरच्या माणसाने सुचवलं की समोरच्या बेटावर उत्खननात एक जुना ख्रिस्ती मठ सापडलाय, परवानगीने लोकांना बोटीतून नेतात. दादाला पटेना. "इथे? मठ?" मग म्हणाला, "एवढी वर्षं राहिलो इथे, मला पत्ता नाही."

सकाळी बोटीत आमच्याशिवाय एक गाइड आणि दोन-तीन पर्यटक होते. खारफुटीतून वाट काढत बोट गेली. उथळ पाण्यात फ्लेमिंगो उभे होते, आणि बेटाच्या टोकाला पाणकावळ्यांचा काळा थवा बसला होता. वाळूवर उतरल्यावर दादाने माझ्या खांद्यावर हात टेकला. लहानपणापासून त्याने माझा आधार कधी घेतला नव्हता. हात जड होता.

मठाच्या भिंती आता गुडघाभरच उरल्यात. समुद्रातल्या दगडांनी बांधलेल्या, फिकट, काही ठिकाणी गिलावा अजून टिकून. गाइडने समजावून सांगितलं, इथे चर्च, इथे पाण्याची टाकी, ही भट्टी, पोळ्या भाजायची. इस्लाम या किनाऱ्यावर रुजण्याच्या आसपास इथे साधू राहत होते. मग हळूहळू निघून गेले. मारामारीच्या, जाळपोळीच्या खुणा नाहीत. का गेले, ते नक्की कुणाला माहीत नाही.

एका लांबट खोलीपाशी गाइड म्हणाला की इथे सगळे एकत्र जेवत असत. बाकीचे पुढे गेले. दादा तिथेच थांबला.

"एकटं राहायला म्हणून इतक्या लांब आले," तो म्हणाला, "आणि जेवायला मात्र एकत्र बसायचे."

"तू कुठे जेवायचास दादा?"

"दुपारी कँटीनला. रात्री टीव्हीसमोर, आणि काय."

कडेला सावली होती, तिथे आम्ही बसलो. त्याने पाय लांब केला. भिंतीकडे बघत म्हणाला, "दुबईत अल क्वोजला आमचं गोडाऊन आहे ना, तिथे मी यायचो अधूनमधून. काम लवकर आटपलं की तुझ्या बिल्डिंगखालच्या कॅफेटेरियात चहा प्यायचो. मग परत."

मला आधी कळलंच नाही. "माझ्या बिल्डिंगखाली? वर का नाही आलास?"

"तुला मीटिंगा असायच्या. पोरीची परीक्षा. फोनवर तुझा आवाज दमलेला असायचा. म्हटलं, जाऊ दे, कशाला."

"एक फोन करायचास दादा."

"हो," तो म्हणाला. "करायला हवा होता."

त्या कॅफेटेरियातून मी कितीदा तरी पराठे आणलेत. तो आत बसलेला असताना एखाद्या संध्याकाळी मी लिफ्टने वर गेलेही असेन. हे मनात आलं आणि मला तिथून उठवेना. गाइडने लांबून "यल्ला" म्हणून हाक मारली तेव्हा दादाच आधी उठला आणि मला हात दिला.

दुसऱ्या दिवशी गुडघा वाकेचना. नवरा गाडी घेऊन आला, दोन्ही सायकली मागे बांधल्या. दादा खिडकीशी बसला होता. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये एकदाच म्हणाला, "राहूनच गेलं."

तो दोन दिवस आमच्याकडे होता. मी ऑफिसला दांडी मारली, त्याच्यासाठी तांबडा रस्सा केला. जेवताना मुलीने विचारलं, "मामा, व्हाय डिडन्ट यू कम बिफोर? धिस इज सो नाइस."

दादाने भाताचा घास तसाच धरला. "येणार होतो गं," तो म्हणाला.

तिने मान डोलवली आणि त्याच्या पानात रस्सा वाढला. मी पाणी आणायला आत गेले.

आता तो कोल्हापुरात असतो. गुडघा बरा आहे, पण सायकल पुतण्याला देऊन टाकली. मी तिकीट पाठवते म्हणते, तो "थंडीत बघू" म्हणतो. दर रविवारी आम्ही व्हिडिओ कॉल करतो. तिकडची भाजी, इकडची गरमी, एवढं बोलून झालं की विषय संपतात. तरी दोघांतलं कुणीच फोन ठेवत नाही. तो पेपर चाळत बसतो, मी कपड्यांच्या घड्या घालते, आणि मधूनच तो विचारतो, "आहेस ना?"