समोरच्या घरातली पुस्तकांची पेटी

अमरावतीच्या आमच्या ओसरीवर दुपारी बायका वाती वळायला जमत, आणि मी त्यांना पुस्तक वाचून दाखवी. लग्नानंतर पुण्याहून इथं आले तेव्हा यांनीच मला वाचायला शिकवलं. हे शाळेत मास्तर, त्यामुळे छापील पुस्तकं घरात येत. आळीत वाचता येणारी बाई मी एकटीच. मी निवडीन ते पुस्तक, मी थांबेन तिथं गोष्ट थांबायची. मला त्या मानाची फार गोडी लागली होती.

मग कापसाचा भाव चढला. समुद्रापार कुठेसं युद्ध पेटलं होतं, तिकडचा कापूस विलायतेत पोचत नव्हता, म्हणून आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचं मोल आलं. त्या गर्दीत कापसाची दलाली करणारा अकोल्याचा एक अडत्या आला आणि त्यानं आमच्या समोरच बिऱ्हाड केलं. त्याची बायको माझ्याच वयाची. पंतोजीची एकुलती एक मुलगी, बापानं हौसेनं शिकवलेली. भांड्यांच्या पोत्यांमागून तिची पुस्तकांची पेटी उतरली तेव्हा मी आत जाऊन आमच्या घरातली पुस्तकं मोजली.

पहिल्याच दुपारी ती ओसरीवर आली. मी सुनेनं कसं वागावं याबद्दलचं पुस्तक वाचत होते. तिनं शेवटापर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "बरं आहे हे. पण बाई, तुमी ते चोराचं वाचलं का? मी वाचून राहिली होती अन् चुलीवरचं दूध उतू गेलं, तरी मले उठवेना!"

"कोन्या चोराचं?" पाटलीणबाईंनी विचारलं. पाटलीणबाई म्हणजे गावाबाहेरच्या काळ्या जमिनीच्या मालकीण. वयानं आमच्या सगळ्यांत मोठ्या, जिभेनं सगळ्यांत तिखट. त्यांच्या हातातली वात तशीच राहिली होती.

दुसऱ्या दिवसापासून बायका समोरच्या घरी जाऊ लागल्या.

तिची सांगण्याची रीतच वेगळी. मी म्हणे, "हे पुस्तक बोधपर आहे." ती म्हणे, "हे लोणच्यांचं पुस्तक घ्या, वाचतानाच तोंडाले पाणी सुटते." सुईणीला तिनं वैद्यकाचं पुस्तक सांगितलं, सोनाराच्या सुनेला भुताचं. एकीला जहाजातून प्रवास केलेल्या माणसाची हकीकत अशी सांगितली की ती बाई दोन दिवस आपल्याला गरगरतंय म्हणत होती. हसण्याचे आवाज रस्ता ओलांडून माझ्यापर्यंत येत. मी एकटी बसून वाती वळे आणि त्या जाड होत.

एकदा यांना म्हटलं, "ती 'पाणी'ला 'पानी' वाचते."

"मग? तहान भागतेच ना?" हे म्हणाले. वर विचारलं, "तिच्याकडे ते प्रवासाचं पुस्तक आहे म्हणे. मागून आणतेस का?"

त्या दिवशी मी यांच्याशी बोलले नाही. पुस्तक मात्र मागून आणलं, आणि यांच्या आधी मीच वाचून काढलं. ते चांगलं होतं, याचाच मला जास्त राग आला.

पुढे युद्ध मिटलं आणि भाव धाडकन खाली आले. अडत्यानं घाईघाईनं गाशा गुंडाळला. चोराची गोष्ट बायकांना पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवणं चाललं होतं, ते अर्ध्यावरच राहिलं. जाताना तिनं ते पुस्तक पाटलीणबाईंच्या हातात ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी पाटलीणबाई ते पदरात गुंडाळून माझ्याकडे आल्या. मला इतका आनंद झाला की मी हातातलं काम टाकून वाचायला बसले. एक पान होतं न होतं तोच त्यांनी हात वर केला.

"थांबा मास्तरीणबाई. तो चोर भिंत चढून राहिला, अन् तुमी त्याले कीर्तनात बसवता. अकोलेवाली वाचे तवा माह्या छातीत धडधडे."

माझा चेहरा उतरला असणार. "मग तिलाच बोलवा अकोल्याहून," मी म्हटलं.

"एवढ्या दुरून ते कावून येईन आता? मले अक्षरं शिकवा. मी माह्या मनानं वाचीन."

नाही म्हणायचं ओठावर आलं होतं. पण मनात आलं, अक्षरं काही तिनं पाटलीणबाईंना दिली नाहीत. मी आतून अक्षरं गिरवायची धूळपाटी आणली.

पाटलीणबाईंना शिकवणं सोपं नव्हतं. जोडाक्षर आलं की त्या चिडत. "हे दोघं एकमेकांच्या बोकांडी कावून बसले?" बोटानं ओळ धरून, पुटपुटत, भांडत त्या वाचू लागल्या. कापूस पुन्हा फुटायला आला तेव्हा त्यांचं पुस्तक संपलं, आणि मग त्या दारोदार सांगत सुटल्या, "वाचा व माय! अकोलेवालीनं काय पुस्तक सांगतलं!" माझं नाव कुठंच नाही. मी दारात उभी राहून ऐकत असे.

मग एका लग्नासाठी ती अकोल्याहून बैलांच्या दमणीतून आली आणि आमच्या ओसरीवर टेकली. पाटलीणबाईंनी तिच्यापुढे पुस्तक उघडलं आणि चोर भिंत चढतो ते पान धडाधड वाचून दाखवलं. ती ऐकतच राहिली.

"कोनं शिकवलं तुमाले?"

"या बाईनं," पाटलीणबाईंनी हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं.

ती हसली, पण मान वर केली नाही. "मी एवढी पुस्तकं सांगतली. कोनाले अक्षर शिकवावं, हे मले सुचलंच नाही."

तसलं हसू मला चांगलं ठाऊक होतं. तिच्याजवळ सरकून बसावंसं मला पहिल्यांदाच वाटलं, आणि मी सरकलेही. पण पाटलीणबाईंना आमच्याकडे बघायला सवड नव्हती.

"गप्प बसा दोघी," त्या म्हणाल्या. "पुढचं पान आइका."